आत्याबाईंचे पाय

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत मिळून जेवढी माणसं आजवर कुणा ना कुणाच्या पाया पडली आहेत, त्यांतली निम्मी आमच्या आत्याबाईंच्या पाया पडली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची आत्याबाई वाट बघत आहेत. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, माझ्या सासऱ्यांची सगळ्यांत थोरली बहीण, राहणार पळसदेव. थोरली हे इतरांच्या बाबतीत नातं असतं, आत्याबाईंच्या बाबतीत तो हुद्दा आहे. कुठल्याही लग्नात जेवणाच्या मांडवातून बाहेर पडायची जी एकच वाट असते, तिथं खुर्ची टाकून त्या बसतात, चपला काढून ठेवतात आणि पाय किंचित पुढं सरकवतात. नवरानवरीकडं त्यांचं लक्ष नसतं. कोण कसा वाकला, एवढंच त्या बघत असतात. त्यांच्या लेखी नमस्काराच्या तीन जाती आहेत. डोकं पायाला लागलेला तो खरा, हात पायाला लागलेला तो चालवून घेण्याजोगा, आणि तिसरा हवेतला. हा हवेतला नमस्कार पुण्यात शिकलेली पोरं करतात. हात गुडघ्यापर्यंत जातो, तिथं त्याला काहीतरी काम आठवतं आणि तो माघारी येतो. असा कुणी सापडला की आत्याबाई त्याला चारचौघांत परत बोलावतात. "आरं, पाय खाली हायती. ढोपराला काय ववाळतूस?"

ह्यात अतिशयोक्ती वाटत असेल तर ट्रॅक्टरची गोष्ट ऐका. आत्याबाई एकदा रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभ्या होत्या. कारखान्याचा सीझन चालू होता. त्यांचा एक चुलत पुतण्या उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन समोरून आला. आत्याबाईंनी हात केला. त्याला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं, म्हणून त्यानं भर रस्त्यात ट्रॅक्टर थांबवला आणि उडी मारून खाली आला. आत्याबाईंनी उजवा पाय पुढं केला. बिचारा वाकला, मग घरच्यांची खुशाली विचारून झाली, मग बायको माहेरून आली का हेही विचारून झालं. मागं गाड्यांची रांग लागली. एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा आत्याबाईंनी मान वळवून शांतपणे पुतण्याला विचारलं, "थोरली मी हाय का त्यो टरक?" ज्या एसटीची त्या वाट बघत होत्या ती त्याच रांगेत मागं अडकून पडली होती, हे सांगायचं राहिलंच.

आता अशा बाईनं स्वतः कधीतरी कुणापुढं वाकावं की नाही? नाही. नवऱ्यामागं घर त्यांनीच चालवलं, त्यांच्यापेक्षा वडीलधारं भावकीत कुणी उरलं नाही, त्यामुळं कंबर वाकवायचा त्यांना प्रसंगच येत नाही. बरं, देवापुढं तरी? गावात लोकांनी वर्गणी काढून एक नवं मंदिर बांधलं आहे. तिथं आत्याबाई दारातूनच हात जोडतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा सुनेच्या उत्साहात खाली बसून डोकं टेकवलं आणि वर बघते तो ह्या ताठ उभ्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यो देव माझ्या लग्नाच्या मागनं बसवलाय. माझ्याहून ल्हान हाय." मग जरा विचार करून, देवाला वाईट वाटू नये अशा बेतानं पुढं म्हणाल्या, "गुणाचा हाय पण."

पाया पडून घेण्याच्या खालोखाल त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो आपल्याला कधी काही दुखलं नाही ह्याचा. दुखणं ही त्यांच्या मते शिकलेल्या बायकांनी काढलेली टूम आहे. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाची कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती वाढताना मी डोळ्यांनी पाहिली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या सकाळी खुरपायला गेल्या होत्या आणि संध्याकाळी घरी येऊन बाळंत झाल्या. वर्षभरात त्या दुपारी बाळंत होऊन संध्याकाळच्या भाकरी थापू लागल्या. मला दिवस गेले तोपर्यंत थोरला मुलगा एका भाकरीला पाणी लावून दुसरी थापेपर्यंत जन्माला येऊ लागला होता, आणि तव्यावरची भाकरी करपलीसुद्धा नव्हती. हे सगळं त्या सांगत असतात तेव्हा कुणीतरी नातवंड त्यांच्या गुडघ्याला ओव्यालसणाचं गरम तेल चोळत असतं. त्याबद्दल कुणी तोंड उघडलं तर उत्तर तयार आहे. "ही दुखणं न्हाय. ही वय हाय."

तर अशा बाईच्या तावडीत मी सिझर होऊन सापडले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण माझं माहेर इंदापुरात आणि माझी आई नेमकी त्याच महिन्यात अंगणात घसरून हाताला प्लास्टर घालून बसलेली. त्यामुळं बारामतीच्या दवाखान्यातून मला मुलीसकट थेट सासरी, कन्हेरीला आणलं. सासूबाई स्वभावानं गरीब. त्यांना घरात एक बाळंतीण आणि एक लेकरू म्हणजे फार झालं होतं. म्हणून सासऱ्यांनी मोठ्या विश्वासानं पळसदेवला फोन केला. दुसऱ्या दिवशी आत्याबाई एक ट्रंक, ओव्याची पिशवी, डिंकाचा डबा आणि एक लोखंडी शेगडी घेऊन उतरल्या. सासरे वाकले, सासूबाई वाकल्या, नवरा वाकला. आत्याबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या.

मी उठले. कुणी सिझर झालेली बाई हे वाचत असेल तर तिला पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पलंगावरून उठणं ही एक क्रिया नसून ती सात-आठ क्रियांची मिरवणूक असते, हे पोट फाडल्याशिवाय माणसाला कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं आधी कुशीवर वळले, मग पाय खाली सोडले, मग कोपरावर भार देऊन बसले, एका हातानं टाक्यांवर उशी दाबली आणि उभी राहिले. मग वाकायला गेले. कमरेच्या खाली जे काही पेटलं त्यानं डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी मध्येच थांबले. माझा हात त्यांच्या गुडघ्याजवळ लोंबकळत राहिला. आत्याबाईंनी त्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हवेतलाच का? असूं दे. सिझरवाल्यांकडनं काय जास्तीची आशा करायची."

सिझर म्हणजे काय ह्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं आणि ते त्या मला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवत. "आता काय बाई, पोटाला चेन लावत्यात. उघडली, पोर घेतलं, लावली. पर्सवानी. ह्यात बाळंतपण कुठं आलं?" बघायला येणाऱ्या बायकाही एकापेक्षा एक. मान डोलवायच्या, चहा प्यायच्या आणि जाता जाता मला म्हणायच्या, "नॉर्मल झालं असतं तर बरं झालं असतं गं." जणू दवाखान्यात मला दोन्ही ताटं दाखवली होती आणि मी मुद्दाम हे निवडलं होतं. माझ्या पोटात मुलगी आडवी बसली होती, तिच्या ठोक्यांचा भरवसा राहिला नव्हता, हे सांगून सांगून मी थकले आणि शेवटी 'हो ना, राहिलंच बघा' म्हणू लागले.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना दुखण्याबद्दल साधे नियम सांगितले होते. दुखायची वाट न बघता गोळी वेळच्या वेळी घ्यायची, अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते तीच गोळी दिली आहे. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर उशी धरायची. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. थोडं थोडं चालायचं. जखम कोरडी ठेवायची, शेकायची नाही. ताप आला, जखम लाल झाली, त्यातून काही आलं तर तडक निघून यायचं. दुखणं दाबून ठेवलं तर तू हालणार नाहीस आणि हालली नाहीस तर मुलीला नीट पाजणार नाहीस, एवढं त्या दोनदा बोलल्या. माझं दूध अजून पुरतं उतरलं नव्हतं आणि मुलगी वजनाला हलकी होती. मला बाकी कशाची फिकीर नव्हती, तेवढं एक दूध सुरळीत व्हायला हवं होतं. नवऱ्यानं हे सगळं मान हलवत ऐकलं होतं. पण घरी आत्या आली म्हटल्यावर ती मान त्यानं आत्यासमोर त्याच तालात हलवली. पुरुषाच्या मानेवर भिस्त ठेवून कुणी बाळंत होऊ नये.

आत्याबाईंचा पहिला हल्ला शेगडीचा. चैत्र चालू होता, बाहेर डांबर पातळ झालं होतं, आणि ह्या बाईला बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे हवे होते. मी नको म्हटलं, सासूबाई चाचरत नको म्हणाल्या. "बाळंतिणीची हाडं उगडी असत्यात," असं म्हणून आत्याबाईंनी विषय बंद केला. अडचण एवढीच होती की घरात बाज नव्हती. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेला प्लायवूडचा पलंग होता, त्याला खाली पायच नव्हते, जमिनीपर्यंत नुसते खण. दुसरी कुणी असती तर माघार घेतली असती. आत्याबाई पलंगाभोवती एक चक्कर मारून आल्या, खालचा खण त्यांनी ओढून बघितला, त्यात शेगडी बरोब्बर बसते हे ताडलं, आणि मी डोळे मिटून पडलेली असताना निखारे फुलवून शेगडी खणात ठेवली. वर खण अर्धा लोटूनही दिला, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. त्या खणात थंडीच्या रजया होत्या. मला आधी छान ऊब लागली, मग वास आला, मग पलंगाच्या फटींतून धूर निघू लागला. नवरा धावत आला आणि हाताला लागलं ते, म्हणजे मुलीच्या अंघोळीचं पाणी, त्यानं त्यात ओतलं. फस्सकन राख उडाली ती सगळी आत्याबाईंच्या तोंडावर. पांढऱ्याफटक तोंडानं त्या म्हणाल्या, "पलंगच खोटा हाय ह्यो."

मला हसू आलं. सिझरनंतर हसण्यासारखी भयंकर शिक्षा नाही. एकेका खिदळीला एकेक टाका ओढला जातो. मी पोटावर उशी दाबून, डोळ्यांतून पाणी काढत, "हसवू नका, हसवू नका" म्हणत होते, आणि ती बाई राखेतून माझ्याकडं बघत म्हणत होती, "हसतीया न्हवं? मग दुखतंय कशानं?"

दुसरा हल्ला गोळ्यांवर झाला आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गोळ्यांचं पाकीट माझ्या उशाला असायचं, ते एका सकाळी नव्हतं. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "देवापशी ठिवल्यात. लईच झालं तर घिऊ. गोळीचं दूद पोरीच्या अंगाला लागत न्हाय." देव स्वयंपाकघरात, मी खोलीत, मध्ये ओसरी. सासूबाई दळण आणायला गेलेल्या, नवरा आणि सासरे रानात. मी म्हटलं, बघू, सहन होईल. सकाळची गोळी चुकली, दुपारची चुकली. ऊन कलेपर्यंत माझी अशी गत झाली की कुशीवर वळता येईना. मुलगी झोळीत उठली आणि रडू लागली. झोळी माझ्यापासून दोन हातांवर. मी हात लांब केला, पोचला नाही. वळायला गेले तर पोटात कुणी परातभर निखारे ओतावे तसं झालं आणि मी तशीच उताणी पडून राहिले. मुलगी भुकेनं लालबुंद झाली होती. आत्याबाई दारात उभ्या. "रडतंय लेकरू. उठ की."

"उठता येत नाही."

"आमच्या येळला…"

त्यांची ती भाकरी पुन्हा तव्यावर पडायच्या आत मी ओरडले. त्या घरात मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या वेळचं तुमच्यापाशी ठेवा. माझी गोळी आणा आणि माझी मुलगी माझ्याजवळ द्या." दोन तालुक्यांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. त्यांनी मुलीला उचलून माझ्या कुशीत घातलं, देवापुढून पाकीट आणलं, पाण्याचा तांब्या आणला, आणि बाहेर जाऊन बसल्या. संध्याकाळी सगळे परतल्यावर ही बाई आता आकाशपाताळ एक करणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फुगल्या होत्या फक्त.

अंघोळीला एरवी सासूबाई न्यायच्या, दुसऱ्या सकाळी मात्र आत्याबाई उठल्या. "मी घालते," म्हणाल्या. मला वाटलं, कढत पाणी ओतून सूड घेणार. न्हाणीत त्यांनी मला पाटावर न बसवता स्टुलावर बसवलं, पाठीवर बेताचं पाणी घातलं, आणि मग टाक्यांवरचा आधाराचा पट्टा सोडायला पुढं आल्या. पट्टा सुटला. त्यांनी खाली बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ह्या बाईनं गाई-म्हशी अडलेल्या सोडवल्या होत्या, भावकीतली मयतं धुतली होती, कशाला बिचकणारी नव्हती. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तो खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चेन न्हाय ही."

मी म्हटलं, "नाही."

"ह्यातनं काढली व्हय?"

"हो."

त्यांनी मऊ फडक्यानं ती जागा टिपून घेतली, इतकी हळू की मला लागलंही नाही. माफी वगैरे मागणं त्यांच्या स्वभावात नाही. थोरल्यांना ती सोय नसते. पण त्या दिवसापासून जो काही छळ सुरू झाला त्याला तोड नाही. गोळ्यांचं पाकीट आता त्यांच्या कनवटीला. घड्याळाशी त्यांचं जमत नसे, पण डेअरीचं दूध गेलं की एक, शाळा सुटली की एक, असं त्यांनी बसवलं होतं, आणि वेळ झाली की मी झोपेत असले तरी हलवून उठवत. दुखणं उतरत चाललं तशा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कमी केल्या, तर ह्या फोनवर त्यांच्याशी भांडल्या. "तुमी बघितलंय का किती कापलंय?" असं त्यांनी ज्या बाईनं कापलं होतं तिलाच विचारलं. शेगडी ट्रंकेत गेली. मला कुणी हसवू नये म्हणून माझ्या चुलत दिराला, जो जरा नकलाकार आहे, खोलीत यायला मनाई झाली. सासरे सहज काही विनोद करायला गेले तर त्यांनाही ओसरीवर पिटाळलं. आणि हे सगळं अशा आवेशात चालायचं की ते बघूनच मला हसू फुटे आणि मी उशी शोधू लागे. एवढं करून दारात आलेल्या बायकांपुढं मात्र त्यांचं तोंड पूर्वीसारखंच. "सिझरवाल्या ह्या. नाजूक माल." फक्त चेनचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

मग आलं बारसं. मला खरी धास्ती त्याचीच होती. आमच्याकडं बारशाला बाळंतीण नवं लुगडं नेसून ओटी भरून घेते आणि आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडते. कन्हेरीची भावकी, सांगवीची भावकी, इंदापूरचे माझे, पळसदेवचे त्यांचे. म्हणजे ओसरी भरून पाय. मी आता घरात फिरत होते, दूध उतरलं होतं, मुलगी अंग धरू लागली होती. पण वाकलं की टाके तोडल्यासारखे ओढत, आणि डॉक्टरीणबाईंनी अजून खाली वाकू नको म्हणून बजावलं होतं. मी नवऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "बघू, सांगू सगळ्यांना." त्यानं कुणालाही सांगितलं नाही. आत्याबाईंना सांगायची तर माझी छातीच नव्हती. पाया पडणं सोडा असं त्यांना सांगणं म्हणजे कारखान्याला ऊस सोडा सांगण्यासारखं.

पाळण्यात घालून झालं, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. मग सांगवीचे तात्या पुढं आले. तात्या म्हणजे सासऱ्यांचे चुलत भाऊ, जाडजूड, पागोट्याचे, वेळच्या वेळी मान मिळाला नाही तर न जेवता जाणारे. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, पाय जुळवले आणि छताकडं बघू लागले. मागं आणखी चार-पाचजण रांगेत. मी नवऱ्याकडं बघितलं, तो घुगऱ्यांच्या परातीकडं बघत होता. मी एक हात पोटावर दाबला आणि वाकायला सुरुवात केली.

तेवढ्यात मला कुणीतरी दंडाला धरून मागं ओढलं. आत्याबाई माझ्या आणि तात्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, खाली बसल्या. एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवला, हाडं वाजलेली सगळ्यांनी ऐकली, आणि त्यांनी आपलं डोकं तात्यांच्या पायावर ठेवलं.

तात्या त्यांच्याहून बरेच धाकटे. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडलं तर धाकट्याचं आयुष्य कमी होतं असं आमच्याकडं मानतात, आणि तात्यांना आयुष्याची फार हौस. ते अंगावर साप पडल्यासारखे मागं उडाले. "आक्का, आक्का, आवो काय करताय ही? मला मारायचा इचार हाय काय?"

आत्याबाई खालूनच म्हणाल्या, "सुनेच्या वाटचा हाय. तिला वाकाया येत न्हाय, म्हून मी वाकले. हाय आणिक कोन? या म्होरं."

रांग मोडली. जो तो आपले पाय घेऊन पळाला. कुणी पंगतीत जाऊन बसला, कुणाला बाहेर गाडी नीट लावलीय का ते बघायचं आठवलं. एक मावशी तर मागं सरकता सरकता उलट माझ्याच पाया पडल्या. त्यानंतर बारशाला कुणीही कुणाच्या पाया पडलं नाही आणि जेवणं लवकर उरकली. आत्याबाईंना मात्र उठता येईना. सासरे आणि नवरा, दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना उभं केलं तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं आणि वरचा ओठ घामानं ओला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, गुडघे दुखतायत का?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शिवी दिली.

"वय हाय ही," त्या म्हणाल्या. "तुजी गोळी र्‍हायलीया. शाळा कवाच सुटली."

माझी मुलगी आता त्याच शाळेत जाते. आत्याबाई आता पळसदेवच्या बाहेर पडत नाहीत. त्या दिवसापासून गुडघ्यांनी जी पाठ धरली ती सोडली नाही, असं माझे सासरे म्हणतात. त्या स्वतः तसं कधी म्हणाल्या नाहीत. घरापुढच्या पडवीत बाजेवर बसून असतात, समोर उजनी धरणाचं पाणी. उन्हाळ्यात पाणी हटलं की धरणात बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, त्यातले देव मात्र त्यांच्याहून थोरले, त्यांना त्या बसल्या जागेवरून हात जोडतात. लग्नं त्यांच्यावाचून होतात. मांडवातून बाहेर पडायची वाट मोकळी असते आणि पोरं हवेतले नमस्कार करून खुशाल निघून जातात, त्यांना परत बोलावणारं कुणी नसतं. मला ते बघवत नाही. ह्या बाईची मी आयुष्यभर टिंगल करणार हे मी ठरवलं होतं, आणि करतेच आहे, पण मांडवातून बाहेर पडताना त्या रिकाम्या जागेपाशी माझे पाय थांबतात, हे खरं आहे.

आम्ही दर उन्हाळ्यात जातो. गाडी थांबली की आत्याबाई पाय पुढं सरकवतात. नवरा वाकतो, मुलगी वाकते, दोघांचं डोकं लागलं का नाही हे नीट बघून घेतात. मग मी पुढं होते, आणि त्या दोन्ही हातांनी एकेक गुडघा उचलून पाय बाजेवर घेतात आणि लुगड्याखाली झाकतात. उचलताना त्यांना किती यातना होतात हे तोंडावर दिसतं. पण पाय लपवल्याशिवाय राहत नाहीत. "नगं. टाकं हायती तुला."

मी दरवेळी सांगते, "आत्याबाई, ते टाके केव्हाच विरघळले. मी आता रानात खुरपायला जाते."

"डाक्टर म्हनत आसंल. मी बघितलंय."

त्यामुळं त्यांच्या पायांना हात लावायची मला एकच वाट उरली आहे. मी ओव्यालसणाचं तेल कोमट करून आणते, बाजेच्या कडेला स्टूल घेऊन बसते, आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन गुडघा चोळू लागते. त्याला त्या हरकत घेत नाहीत, कारण ते दुखणं नसून वय असतं. डोळे मिटून घेतात. मग मी चोळत चोळत हात हळूहळू खाली नेते, पोटरीवरून घोट्यावर, घोट्यावरून पावलावर, आणि तिथं तो थोडा वेळ ठेवते. मागच्या खेपेला मला वाटलं त्यांना झोप लागली. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "वाकली न्हाईस न्हवं?"

"नाही, आत्याबाई. बसले आहे."

"मग र्‍हाऊं दे."